घरामागच्या चार कोंबड्या: शहरात छोटा कळप पाळताना काय, कधी आणि कसं करावं

कोंबड्या पाळायचं मनावर घेतलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "कोणत्या जातीच्या आणू?" माझ्या मते हा फार पुढचा प्रश्न आहे. आधी हे बघा, की धो धो पाऊस पडून गेल्यावरही कोरडा राहील असा कोपरा तुमच्या घरामागे आहे का? वास, माश्या, रक्ती हगवण, बुरसटलेलं खाद्य, मळकी अंडी, शेजाऱ्यांची कुरबूर अशा बहुतेक अडचणींच्या मुळाशी मला दर वेळी ओलावाच सापडला आहे. खुराडं कोरडं असेल तर कोंबडी हा फार सोशिक पक्षी आहे. ओलं असेल तर कितीही महागडं खाद्य आणि औषध आणा, पुरं पडत नाही. म्हणून हा लेख जागेपासून सुरू होतो आणि कोंबड्या त्यात बऱ्याच उशिरा येतात.

आधी नियम आणि शेजार

तुमच्या नगरपालिकेत किंवा महापालिकेत कोंबड्या पाळण्याविषयी काय नियम आहेत ते स्वतः जाऊन विचारा. काही शहरांत संख्येवर मर्यादा असते, काही ठिकाणी खुराडं शेजारच्या भिंतीपासून ठरावीक अंतरावर असावं लागतं, काही ठिकाणी कोंबडा ठेवायला बंदी असते आणि काही ठिकाणी पक्षी पाळणंच मना असतं. गृहसंस्थेचे किंवा घरमालकाचे नियम आणखी वेगळे असू शकतात. परवानगी मिळत असेल तर लेखी घ्या. कोंबड्या आणल्यावर बंदी कळली तर त्यांचं काय करायचं, हा प्रश्न फार क्लेशाचा होतो.

मग शेजाऱ्यांशी बोला. खुराडं बांधण्याआधी बोला, बांधून झाल्यावर नाही. कुठे बांधणार, किती पक्षी असतील, शीट कशी हाताळणार हे सांगितलं की माणसं सहसा समजून घेतात. त्यांना मुख्य धास्ती असते ती आरवण्याची, आणि ती रास्त आहे. कोंबडा नसला तरी कोंबड्या अंडी घालतातच. फक्त त्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत. तेव्हा दाटीच्या वस्तीत कोंबडा ठेवू नका. खुराड्यात अंधार केला की तो गप्प बसेल, या समजुतीवरही विसंबू नका. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की पहाटेचं आरवणं कोंबड्याच्या शरीरातलं घड्याळ ठरवतं. उजेड दिसला नाही तरी वेळ झाली की तो आरवतो. कोंबडीही अंडं घातल्यावर काही मिनिटं मोठ्याने कलकलाट करते, पण तो दिवसाउजेडी असतो आणि लवकर निवतो.

किती ठेवायच्या, कोणत्या ठेवायच्या

कोंबडी कळपात राहणारी आहे. एकटी ठेवाल तर ती कायम बावरलेली राहते. तीन ही किमान संख्या धरा, कारण दोघींपैकी एक गेली तर उरलेली एकटी पडते. सुरुवातीला चार हा आकडा मला सगळ्यात सोयीचा वाटतो. चांगल्या अंडी देणाऱ्या जातीच्या चार तरुण कोंबड्या भरात असताना आठवड्याला वीसेक अंडी देतात. एवढी लहान घराला पुरून उरतात.

जात निवडताना अंड्यांच्या आकड्याआधी स्वभाव बघा. लेगहॉर्न भरपूर पांढरी अंडी देते, खाते कमी, पण ती बुजरी आणि उडणारी. लहान अंगणात ती कुंपणावरून शेजारी जायला वेळ लावत नाही. ऱ्होड आयलंड रेड काटक आणि धीट असते. ऑस्ट्रेलॉर्प शांत, काळ्या चमकदार पिसांची, आणि अंड्यांनाही चोख: १९२२–२३ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अंडी-स्पर्धेत या जातीच्या सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी दिली होती. तुमच्या घरी असा आकडा येणार नाही आणि यायची गरजही नाही. उकाड्याच्या प्रदेशात हलक्या अंगाच्या, मोठ्या तुऱ्याच्या जाती बऱ्या, कारण तुऱ्यातून त्या अंगातली उष्णता बाहेर टाकतात. थंडीत भरगच्च पिसांच्या, लहान तुऱ्याच्या जाती टिकतात. स्थानिक वाणाच्या कोंबड्या अंडी कमी देतात, पण तिथल्या हवेला आणि रोगराईला तोंड देण्यात बहुधा वरचढ ठरतात. नवशिक्याने त्यांचा विचार जरूर करावा.

खुराडं

इथे घाई करू नका. पक्षी येण्याच्या निदान आठवडाभर आधी खुराडं पूर्ण झालेलं असावं, आणि त्यावर एकदा बादलीभर पाणी ओतून बघावं की आत कुठे गळतं.

जागेचा हिशेब असा. रात्री निजायच्या बंद भागात प्रत्येक कोंबडीमागे चार चौरस फूट आणि दिवसा फिरायच्या जाळीबंद वाड्यात किमान दहा चौरस फूट. म्हणजे चार कोंबड्यांना चार बाय चारचं खुराडं आणि चार बाय दहाचा वाडा. ही कमीत कमी जागा आहे. दाटी झाली की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, चोची मारून रक्त काढतात, आणि एकदा रक्त दिसलं की बाकीच्याही त्यावर तुटून पडतात. हे वागणं सुरू झालं की मोडणं फार अवघड. म्हणून जागा कमी असेल तर कोंबड्या कमी करा.

खुराड्याची जमीन मातीपासून दीड-दोन फूट उंच ठेवा. खालून वारा खेळतो, पाणी तुंबलं तरी आत शिरत नाही आणि उंदीर-घुशींना खाली बिळं करायला आडोसा मिळत नाही. छपराची वळचण भिंतींच्या चांगली पुढे आलेली हवी, नाहीतर तिरका पाऊस थेट आत येतो. वाड्यावरही निदान अर्ध्या भागात पक्कं छप्पर घाला. उरलेला अर्धा जाळीने झाका, कारण शिकारी पक्षी वरून येतात.

हवा खेळती हवी, पण झोताचा वारा नको. झरोके कोंबड्या बसतात त्या दांडीच्या वर, छपराजवळ ठेवा. शिटेतून निघणारा अमोनिया आणि श्वासातली वाफ वरून निघून जाते आणि झोपलेल्या पक्ष्यांच्या अंगावर वारा येत नाही. थंडी आहे म्हणून सगळे झरोके बुजवणं ही नेहमीची चूक. कोरडी कोंबडी पिसं फुलवून कडाक्याची थंडी सहज काढते. कोंदट, दमट खुराड्यात मात्र तिचे डोळे आणि फुप्फुसं बिघडतात. सकाळी दार उघडल्याबरोबर नाकाला झोंबलं, तर झरोके अपुरे आहेत किंवा जमिनीवर अंथरलेली भुशाची गादी ओली झाली आहे, असं समजा.

निजायला दांडी लाकडाची असावी, दोन इंच रुंद, वरून चपटी आणि कडा गोल घासलेल्या. चपट्या दांडीवर कोंबडी पाय पोटाखाली घेऊन बसते आणि तिची बोटं पिसांखाली झाकली जातात. प्रत्येकीला आठ ते दहा इंच जागा. उंची दीड-दोन फूट पुरे. वजनदार कोंबड्या उंचावरून रोज उड्या मारू लागल्या की तळपायाला चीर पडून त्यात गाठ होते. अंडी घालायची पेटी एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, थोडी अंधारी, आणि दांडीपेक्षा खाली. ती उंच असेल तर कोंबड्या तिच्यातच झोपतात आणि रात्रभर तिच्यात शीट करतात. चार जणींना एक पेटी चालते. दोन असल्या तरी साऱ्या बहुधा एकीसाठीच रांग लावतात.

आता जाळी. षटकोनी भोकांची पातळ जाळी बाजारात "कोंबडीजाळी" म्हणूनच विकली जाते. ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. माझी पहिली कोंबडी मी याच जाळीपायी गमावली. सकाळी जाळी एका कोपऱ्यात कागदासारखी फाटलेली होती. तेव्हापासून मी अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्डमेश जाळीच वापरतो आणि तीही खिळे वाकवून नाही, वॉशर लावून स्क्रूने बसवतो. मुंगूस, मांजर, घूस, साप यांना शिरकाव मिळू नये म्हणून एकही फट अर्ध्या इंचाहून मोठी ठेवू नका. उकरून आत येणाऱ्यांसाठी जाळीचा फूटभर पट्टा भिंतीच्या पायथ्याशी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा अंथरून त्यावर माती किंवा विटा टाका. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी बुडाशी उकरतो, तिथे जाळी लागली की सोडून देतो. दाराला कडी-कोयंडा आणि त्यात अडकवायला स्प्रिंगचा हूक हवाच. नुसती सरकती खिट्टी नाक खुपसून उघडणारे प्राणी आहेत.

जमिनीत काय आहे

शहरातल्या कोंबडीला एक धोका असा आहे, जो खेड्यातल्या कोंबडीला सहसा नसतो. जुन्या इमारतींच्या आसपासच्या मातीत जुन्या रंगातलं शिसं उतरलेलं असतं. वर्दळीच्या रस्त्यालगत जुन्या शिसेयुक्त पेट्रोलच्या धुराने ते साचलेलं असतं. कोंबडी दिवसभर माती उकरते, त्यातले कण गिळते आणि ते शिसं अंड्यात उतरतं. घरात लहान मुलं ती अंडी खाणार असतील तर माती प्रयोगशाळेतून तपासून घेणं हाच शहाणपणा. तपासणी जमत नसेल तर वाडा रस्त्यापासून आणि जुन्या रंगवलेल्या भिंतींपासून दूर घ्या, तळाला जाड कापड किंवा फरशी टाकून त्यावर बाहेरून आणलेली स्वच्छ माती आणि भुसा पसरा. वाडा वापरात आणण्याआधी जमिनीवरून एखादं लोहचुंबक फिरवा. खिळे, स्क्रू, तारांचे तुकडे किती निघतात ते पाहून तुम्ही चकित व्हाल, आणि चकाकणारी प्रत्येक गोष्ट कोंबडी गिळून पाहते. उंदराचं विष अंगणात कुठेही ठेवू नका. विषाने मेलेला उंदीरही कोंबडी टोचून खाते.

पिल्लं की तलंगा

पहिल्यांदाच पाळत असाल तर सोळा ते वीस आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंडी सुरू न झालेल्या तरुण कोंबड्या घ्या. त्या मादी आहेत हे नक्की असतं, लसी झालेल्या असतात, उबेची गरज संपलेली असते आणि महिन्या-दीड महिन्यात अंडी सुरू होतात. घेताना डोळे चमकदार, नाक कोरडं, पायाची खवलं गुळगुळीत, शेपटीखालची पिसं स्वच्छ आहेत ना हे पाहा. कोणत्या लसी कधी दिल्या ते लिहून घ्या. सगळ्या एकाच ठिकाणाहून, एकाच दिवशी आणा.

पिल्लांपासून सुरुवात करण्यात वेगळाच आनंद आहे, हे मी नाकारणार नाही. हाताळून वाढवलेली कोंबडी आयुष्यभर माणसाळलेली राहते. पण निवड न करता घेतलेल्या पिल्लांत निम्मे नर निघणार हे धरून चला आणि त्या नरांचं काय करायचं ते आधीच ठरवा. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यायचं, साधारण सहाव्या आठवड्यात अंगभर पिसं येईपर्यंत. तापमापक ठेवा, पण खरं सांगतात ती पिल्लंच. दिव्याखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर गारठली आहेत. दूर कोपऱ्यांत चोच उघडून धापा टाकत असतील तर फार तापलं आहे. सगळीकडे पसरून निवांत दाणे टिपत असतील तर ऊब बरोबर आहे. दिवा साखळीने पक्का टांगा, नुसत्या वायरवर नको. भुशात पडलेला दिवा आग लावतो. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नका, त्यावर पाय फाकून पिल्लं अधू होतात. आणल्याबरोबर प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवा, म्हणजे पाणी कुठे आहे हे त्याला समजतं. पाण्याचं भांडं उथळ ठेवा आणि त्यात गोटे टाका, नाहीतर पिल्लू बुडतं. शेपटीखाली शीट चिकटून सुकली असेल तर कोमट पाण्याने भिजवून काढा. शिटेची वाट बुजली तर दोन दिवसांत पिल्लू दगावतं.

दाणापाणी

स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्यावर कोंबड्या जगतात, पण अंडी देत नाहीत. वयाप्रमाणे खाद्य बदलतं. पिल्लांना वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं स्टार्टर, सहा-आठ आठवड्यांनंतर ग्रोअर, आणि पहिलं अंडं दिसलं की सोळा-सतरा टक्के प्रथिनं आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असलेलं लेअर खाद्य. लेअर खाद्य पिल्लांना कधी देऊ नका. त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं खराब होतात. मोठी कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाते. चौघींना अर्धा किलोच्या आत.

वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा जाड चुरा कायम ठेवा. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं आणि ते कवच बहुतांशी रात्रीच तयार होतं. खाण्यात पुरेसं नसेल तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. चुरा खाद्यात मिसळू नका. ज्या कोंबडीला गरज असते ती बरोबर वाटीपाशी जाते. वाड्यात बारीक खडे नसतील तर तेही वेगळे द्या. कोंबडीला दात नाहीत, पोटातला एक जाड स्नायूंचा भाग या खड्यांच्या जोरावर दाणा भरडतो. शिंपल्याचा चुरा पोटात विरघळतो, त्यामुळे तो खड्यांचं काम करत नाही. दोन्ही लागतात.

पालेभाजीचे देठ, काकडी, भोपळ्याच्या बिया, गवत, किडे हे सगळं द्या, पण दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको आणि दुपारनंतर, म्हणजे मुख्य खाद्य आधी पोटात गेलेलं असतं. अ‍ॅव्होकॅडोची साल आणि बी, हिरवे पडलेले बटाटे, न शिजवलेली सुकी कडधान्यं, चॉकलेट, खारट पदार्थ यांना हात लावू देऊ नका. सर्वांत मोठी बंदी बुरशीला. ओल लागून बुरसटलेल्या धान्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृत पोखरतं, आणि उन्हात वाळवून ते जात नाही. खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, फळीवर ठेवा आणि दोन महिन्यांत संपेल एवढंच आणा.

पाणी खाद्यापेक्षा महत्त्वाचं. एरवी कोंबडी पाव लिटर पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. भरउन्हाळ्यात काही तास पाण्याविना गेले तरी अंडी बंद पडतात. भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगा, म्हणजे त्यात माती आणि शीट पडत नाही. चोचीने दाबून प्यायच्या निपलची बादली मला सगळ्यात आवडते, कारण भुशावर पाणी सांडत नाही. खाद्याची भांडी संध्याकाळी उचलून ठेवा. रात्री उघडं राहिलेलं खाद्य उंदरांना बोलावतं, आणि उंदीर आले की शेजाऱ्यांचा विश्वास जातो.

गादी, शीट आणि वास

खुराड्यात जमिनीवर तूस, रंध्याचा भुसा किंवा वाळका पालापाचोळा यांची चार ते सहा इंच जाड गादी करा. शिटेत नायट्रोजन भरपूर, भुशात कार्बन. दोन्ही मिसळले आणि कोरडे राहिले की वास येत नाही. कोंबड्या स्वतःच उकरून ती वरखाली करतात. मूठभर दाणे भुशात टाकलेत तर आणखी उत्साहाने करतात. एखादी मूठ हातात दाबून पाहा. गोळा होऊन तसाच राहिला तर गादी ओली आहे. तो भाग उचलून नवा भुसा टाका. भुगा होऊन लगेच विखुरला तर ठीक आहे.

रात्रीत सर्वांत जास्त शीट दांडीखाली साचते. तिथे फळी ठेवली आणि रोज सकाळी खरवडली, तर खुराड्याची निम्मी सफाई दोन मिनिटांत होते. कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास शीट टाकते. ती ताजी झाडांना घालू नका, मुळं जळतात. पालापाचोळ्यात मिसळून झाकून ठेवा, अधूनमधून उलथवा आणि चार-सहा महिन्यांनी काळी, भुसभुशीत, वास नसलेली झाली की वापरा. जे शेजारी बागकाम करतात त्यांना त्यातली एक पिशवी द्या.

शीट रोज बघायची सवय लावून घ्या. घट्ट, करडी आणि वर पांढरी टोपी असलेली शीट निरोगी असते. दर आठ-दहा वेळांमागे एकदा तपकिरी, चिकट, उग्र वासाची शीट पडते, तीही नेहमीची आहे, घाबरू नका. रक्त, फेस किंवा नुसतं हिरवं पाणी दिसलं तर मात्र थांबू नका.

अंडी

तलंगेचा तुरा लाल आणि मोठा होऊ लागला, आणि जवळ गेल्यावर ती दबून बसू लागली, की अंडं आठवडा-दोन आठवड्यांवर आलं आहे. पेटीत एक खोटं अंडं ठेवा, म्हणजे जागा समजते. पहिली अंडी लहान, कधी बिनकवचाची, कधी दोन बलकांची असतात. महिनाभरात घडी बसते. एक अंडं तयार व्हायला २४ तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून रोजची वेळ पुढे पुढे सरकते आणि मध्ये एखादा दिवस खाडा पडतो.

भरघोस अंड्यांसाठी दिवसाला चौदा तासांच्या वर उजेड लागतो. दिवस लहान होऊ लागले की कोंबड्या पिसं गाळतात आणि दोन-तीन महिने अंडी बंद ठेवतात. त्यांना तो विसावा द्यावा असं माझं ठाम मत आहे. या काळात प्रथिनं वाढवा, कारण पीस हे जवळजवळ सगळं प्रथिनांचंच बनलेलं असतं.

अंडी दिवसातून दोनदा उचला. कवचावर एक नैसर्गिक पापुद्रा असतो, तो जंतूंना अडवतो. म्हणून स्वच्छ अंडं धुऊ नका. मळलं असेल तर कोरड्या खरखरीत कापडाने पुसा. धुवायचंच झालं तर अंड्यापेक्षा गरम पाण्याने धुवा, गार पाण्याने मळ छिद्रांतून आत ओढला जातो. धुतलेलं अंडं फ्रिजमध्ये ठेवून आधी संपवा.

कधी एखादी कोंबडी पेटीतून उठतच नाही, हात घातला की फुगून गुरगुरते. ती खुडूक झाली आहे. फळलेली अंडी असतील तर तिला २१ दिवस बसू द्या. नसतील तर जाळीचा तळ असलेल्या, उंचावर ठेवलेल्या पिंजऱ्यात दाणापाण्यासह दोन-तीन दिवस ठेवा. पोटाखालून गार हवा लागली की ती ठिकाणावर येते. तशीच सोडली तर खाणंपिणं टाकून वाळत जाते.

आजार ओळखताना

कोंबडी आजार लपवते. पिसं फुगवून, मान आत ओढून, शेपटी खाली पाडून ती कोपऱ्यात उभी दिसली, तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. तिला लगेच वेगळी करा, उबेत ठेवा, पाणी द्या आणि पशुवैद्याला विचारा. कोणतंही प्रतिजैविक अंदाजाने देऊ नका. औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत, तेही विचारून घ्या.

मानमोडी, म्हणजेच रानीखेत, आणि देवी या रोगांवर लसी आहेत. मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस पिल्लू एक दिवसाचं असतानाच द्यावी लागते. वेळापत्रक तुमच्या भागातला पशुवैद्य सांगेल. पिल्लांना तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवणीचा धोका जास्त असतो. तिचे परजीवी ओल्या गादीतच फोफावतात. लाल गोचीड, म्हणजे रक्त पिणारा अगदी बारीक रेड माइट, दिवसा दिसत नाही. रात्री विजेरी घेऊन जा आणि दांडीच्या खालून पांढरं कापड फिरवा. त्यावर लाल रेघा उठल्या तर गोचीड आहे. ती खाल्ल्याविना महिनोन्‌महिने फटीत जिवंत राहते, म्हणून पक्ष्याबरोबर लाकडाच्या फटींवरही उपचार करा. उवा टाळायला छपराखाली कोरडी माती, वाळू आणि थोडी लाकडाची राख यांचं घमेलं ठेवा. त्यात लोळून कोंबड्या स्वतःच अंग साफ करतात.

उन्हाळ्यात पंख पसरून, चोच उघडून धापा टाकणारी कोंबडी संकटात आहे. तिला घाम येत नाही. सावली, गार पाणी, पायाखाली ओली फरशी. अंगावर एकदम पाणी ओतू नका.

एकाच वेळी दोन-तीन कोंबड्या अचानक मेल्या तर त्यांना उघड्या हाताने शिवू नका आणि पशुसंवर्धन खात्याला त्याच दिवशी कळवा. तो बर्ड फ्लू असू शकतो. एरवीही कोंबड्या, अंडी, खुराडं हाताळल्यावर साबणाने हात धुवा. निरोगी दिसणारी कोंबडीही साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू बाळगून असू शकते, म्हणून लहान मुलांना तिचे मुके घेऊ देऊ नका. खुराड्यासाठी चपला वेगळ्या ठेवा.

नवी कोंबडी आणायची तर

कळपात चोचीची उतरंड असते; कोण कोणाला टोचू शकते हे ठरलेलं असतं. नॉर्वेच्या थॉर्लेफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२१ साली हे कोंबड्यांवरच्या निरीक्षणातून मांडलं. नवी कोंबडी आली की सगळी उतरंड मोडते आणि पुन्हा मांडली जाते, आणि ते रक्तबंबाळ होऊ शकतं. एकटी आणू नका, दोन आणा. तीन-चार आठवडे पूर्ण वेगळ्या ठेवा, त्यांचं काम शेवटी करा. मग आठवडाभर मधे जाळी ठेवून एकमेकींना बघू द्या. नंतर एका रात्री अंधारात दांडीवर नेऊन बसवा, आणि सकाळी खाद्याची दोन-तीन भांडी लांब लांब ठेवा. थोडी टोचाटोची चालेल. रक्त आलं तर पुन्हा वेगळ्या करा.

म्हाताऱ्या कोंबडीचं काय करायचं ते घरात सगळ्यांशी आधीच बोलून घ्या. तिसऱ्या वर्षापासून अंडी बरीच कमी होतात आणि कोंबडी सात-आठ वर्षंही जगते. मी माझ्या ठेवतो. त्या किडे खातात, गादी उकरतात आणि नव्या कोंबड्यांना संध्याकाळी खुराड्यात कसं जायचं ते दाखवतात.

बाहेरगावी जाणार असाल तर कामं सांभाळणाऱ्याला आधी दोन दिवस सोबत घ्या आणि दाराच्या आत कागद लावा: किती कोंबड्या, किती खाद्य, पशुवैद्याचा नंबर. सर्वांत वर ठळक लिहा, अंधार पडल्यावर दांडीवरच्या कोंबड्या बोट लावून मोजायच्या, मग कडी घालायची, मग हूक. एक कमी भरली तर पेटीत आणि खुराड्याच्या मागे विजेरीने बघायचं. ती बहुधा तिथेच बसलेली सापडते.